वरीलप्रमाणे

मोजणीकाकूंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. दर दहा वर्षांनी शहरातली माणसं मोजायची, कोण कुठे राहतो, किती शिकला, काय करतो हे लिहून घ्यायचं, आणि मधल्या वर्षांत त्याच माणसांच्या फायली सांभाळायच्या, अशी सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायची सोडून शेपूट हलवायला लागली होती. काकू भरभर चालायच्या, त्याहून भरभर बोलायच्या आणि सगळ्यात भरभर लिहायच्या. मागच्या मोजणीत सगळ्यांच्या आधी वॉर्ड संपवल्याबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं होतं. ते रोज सात मिनिटं पुढे जायचं, म्हणजे अगदी काकूंवरच गेलं होतं.

या वेगामागे एक गुपित होतं: रबरी शिक्का. त्यावर एकच शब्द, ‘वरीलप्रमाणे’. घरातल्या कर्त्याची माहिती पहिल्या ओळीत लिहायची आणि खालच्या माणसांच्या रकान्यांत ठाप, ठाप, ठाप. पत्ता वरीलप्रमाणे, भाषा वरीलप्रमाणे. सातवा रकाना देवाधर्माचा. मानता की नाही, मानत असाल तर काय. तिथेही ठाप. बाप मानतो म्हणजे घर मानतं. बाप मानत नाही म्हणजे पाळण्यातलं पोरही नास्तिक. काकूंना यात कधी काही वावगं वाटलं नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, मग बापावरून घराची का नाही?

यंदा मात्र वरून नवा नियम आला. सातवा रकाना प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं विचारून भरायचा, आणि विचारताना खोलीत दुसरं कुणी नको. काकूंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे एकेका घरात तासभर! वरच्यांचं काय जातंय उंटावरून शेळ्या हाकायला!”

पण चारच दिवसांत त्यांचा सूर पार बदलला. असली मजा त्यांना सव्वीस वर्षांत आली नव्हती! रोज सकाळी घरच्यांना प्रार्थना म्हणायला लावून मगच दुकान उघडणाऱ्या शिंप्याच्या बायकोने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “नाही लिहा. आणि जरा हळू विचारा हो.” चौकात उभं राहून देवाला आव्हान देणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांचा मुलगा, स्वतः दोन मुलांचा बाप, कानाशी येऊन कुजबुजला, “मानतो. पण बाबांना कळू देऊ नका, उगाच जिवाला लावून घेतील.” सलूनवाला मानत होता, त्याचा भाऊ मानत नव्हता आणि दोघं एकाच आरशासमोर वीस वर्षं उभे होते. एक म्हातारी तर म्हणाली, “सोमवारी मानते, मंगळवारी नाही. आज कुठला वार?”

काकूंच्या पोटात हे सगळं नुसतं उड्या मारायचं. आणि बोलायची तर चोरी, कारण माहिती गुप्त ठेवायची शपथ घेतलेली.

ऑफिसात एक वाद महिनाभर पेटलेला होता. आकडेवारी जुळवणारे आकडेभाऊ टेबलावर मूठ आपटून सांगायचे, “जगभर देव मागे पडतोय. शिकलेली पोरं कुठे मानतात आता?” टंकलेखनवाल्या मावशी हात न थांबवता म्हणायच्या, “तुमच्या ओळखीची पोरं म्हणजे जग नव्हे. मानणाऱ्यांच्या घरात चार पोरं असतात, न मानणाऱ्यांच्या घरात एक. पन्नास वर्षांनी कुणाची डोकी जास्त भरतील?” हरेल त्याने महिनाभर सगळ्यांना चहा पाजायचा, अशी पैज लागली होती.

काकूंच्या वॉर्डाची बेरीज झाली तेव्हा आकडेभाऊ खुर्चीवरून उठलेच. मागच्या मोजणीत या वॉर्डात न मानणारे दोनशे बारा होते. आता आठशे एकसष्ट.

“चौपट! मावशी, दूध मागवा!”

मोठे साहेब स्वतः खाली आले. असा आकडा शहरात दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात नव्हता. उद्या अकरा वाजता पत्रकारांना बोलवायचं ठरलं. साहेब म्हणाले, “काकू, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. आणि पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, ती मी विसरलेलो नाही.” सव्वीस वर्षं उन्हात पाय भाजलेल्या बाईला खुर्ची मिळणार होती, टेबल मिळणार होतं, डोक्यावर पंखा मिळणार होता! काकूंना आभाळ ठेंगणं झालं. घरी जाताना त्या रस्ताभर मोठ्यांदा गात होत्या.

एकच फॉर्म उरला होता, त्यांच्या स्वतःच्या घराचा. संध्याकाळी त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. बस चालवणारा नवरा नुकताच ड्यूटीवरून आला होता. त्याने बूट काढता काढता उत्तर दिलं, “मानतो, लिही. विचारायचं काय त्यात?” काकूंनी त्याला नियमाप्रमाणे बाहेर काढलं आणि भाजी निवडत बसलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंकडे वळल्या. खरं तर विचारायची गरजच नव्हती. सासूबाई रोज पहाटे खिडकीशी खुर्ची ओढून पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायच्या. ओठ हलत असायचे, आणि तेवढा वेळ घरात भांडंही वाजत नसे.

“आई, सातवा रकाना. मानता ना?”

“नाही.”

काकू हसल्या. “थट्टा नको हो. सरकारी कागद आहे.”

“मग सरकारी कागदावर खोटं कशाला लिहू? नाही मानत.”

“अहो, पण मग रोज सकाळी डोळे मिटून काय करता?”

“तुमची नावं घेते. कोण खोकतंय, कोण रुसलंय, कुणाचा जोडा फाटलाय, एकेकाला आठवते. शिवाय तेवढी पंधरा मिनिटं या घरात मला कुणी हाक मारत नाही.” सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. “तुझी नणंद आजारी होती तेव्हा मागितलं गं, खूप मागितलं. ती गेली आणि मागणंच सुटलं. राग नाही माझा. नुसतं संपलं.”

“पण कधी बोलला नाहीत!”

“तुझ्या नवऱ्याला वाटतं, आई सकाळी बसते म्हणून आपली बस नीट चालते. कशाला मोडू? आणि विचारलं कुणी मला? मागच्या वेळी मी अशीच भाजी निवडत बसले होते, याच टेबलाशी. तू ठाप, ठाप केलंस आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.”

काकूंच्या हातातलं पेन थांबलं. मागच्या मोजणीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवला, आणि पाठोपाठ सगळ्या गल्ल्या आठवल्या. शिंप्याचं घर, ठाप. हेडमास्तरांचं घर, ठाप. सलूनवाल्याचं घर, ठाप. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एका घरापुरता नव्हता, अख्ख्या वॉर्डात पसरला होता. ‘नाही’ म्हणणारी ही आठशे एकसष्ट माणसं दहा वर्षांत उगवली की आधीपासूनच होती, हे आता कुणाला कळणार? आणि मग खुर्ची दिसली, टेबल दिसलं, पंखा दिसला.

सकाळी ऑफिस उघडताच काकू जुन्या फायलींच्या खोलीत घुसल्या. त्यांनी शिंकत, धूळ झटकत आपल्या वॉर्डाचे गठ्ठे सोडले. मोठ्या माणसांच्या दर तीन ओळींमागे दोन ओळींत सातव्या रकान्यात त्यांचाच निळा शिक्का होता. आता यावर आणखी पुरावा तो काय हवा! एक क्षण त्यांना वाटलं, गठ्ठा बांधावा आणि गप्प बसावं. शहरात हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती घरी शेंगा सोलत होती. पण तीच तर म्हणाली होती, सरकारी कागदावर खोटं कशाला लिहू.

अकराला पंधरा मिनिटं कमी असताना त्यांनी साहेबांच्या दाराबाहेर क्षणभर डोळे मिटले, मग आत जाऊन एक गठ्ठा आणि शिक्का टेबलावर ठेवला.

“साहेब, चौपट म्हणू नका.”

“म्हणजे? आकडे चुकले?”

“यंदाचे बरोबर आहेत. मागचे चुकलेत. मी विचारलंच नव्हतं, बापाचं उत्तर सगळ्यांना छापलं. वाढलंय की घटलंय, मला ठाऊक नाही. आणि ज्याला हे ठाऊक आहे असं वाटतंय, त्यालाही नाही.”

साहेब लालबुंद झाले. “काकू, हॉल भरलाय! आज सांगताय हे?”

“मला कालच कळलं.”

“पर्यवेक्षकाच्या जागेचं काय होईल, कल्पना आहे?”

“आहे. तरी सांगतेय.”

दारात आकडेभाऊ उभे होते. पैजेपायी ते चिडतील असं काकूंना वाटलं, तर गडी त्या गठ्ठ्यावर तुटूनच पडला! “साहेब, हे बघा! न मानणाऱ्या बापाखाली मानणारीही दडली होती. दोन्हीकडचे लपले होते! म्हणजे यंदाची ही पहिली खरी मोजणी. अहो, सोनं आहे हे, सोनं!” साहेबांनी त्या सोन्याकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं. भाषणातलं पहिलं पान त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलं.

हॉलमध्ये फक्त यंदाचे आकडे वाचले गेले, आणि मागच्यांशी तुलना का करता येत नाही तेही सांगितलं गेलं. पत्रकारांची तोंडं उतरली. एकजण उठून म्हणाला, “पण शेवटी नास्तिक वाढताहेत की कमी होताहेत? एका शब्दात सांगा.” साहेबांनी काकूंकडे बघितलं, तशा काकू ताडकन उभ्या राहिल्या. आवाज गल्लीत घुमतो तसाच घुमला.

“दहा वर्षांनी या, तेव्हा सांगू. आत्ता तर पहिल्यांदाच विचारलंय!”

मागच्या रांगेतून मावशी सगळ्यांच्या आधी हसल्या. पैज दहा वर्षं पुढे गेली. पर्यवेक्षकाची जागा महिन्याभरात दुसऱ्याला मिळाली, आणि काकूंना ते लागलं, चांगलंच लागलं.

पत्रकार आले त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्या घरी आल्या त्या जवळजवळ धावतच. आकडेभाऊ काय म्हणाले, साहेबांनी पान कसं फाडलं, सगळं एका दमात सांगून झालं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मग टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला.

“सगळ्या गावाला विचारून आलीस. तुझी ओळ कोरीच आहे.”

“ती दुसऱ्याने विचारून भरायची असते.”

“मग मी कोण आहे?” सासूबाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि मुलाला हाताने बाहेरची वाट दाखवली. “नियम आहे. जा.” तो बिचारा परत जिन्यात जाऊन उभा राहिला.

“बोल. मानतेस?”

हजारो माणसांना काकूंनी हा प्रश्न विचारला होता, स्वतःला कधीच नाही. मागच्या वेळी आपल्या ओळीतही त्यांनी शिक्काच मारला होता, आणि त्याआधी माहेरी कुणीतरी त्यांच्यासाठी मारला असणार. घरातलं कुणीतरी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतं, आणि उत्तरासाठी थांबत होतं. सकाळी साहेबांच्या दाराबाहेर त्यांनी डोळे मिटले होते. तेव्हा त्या नुसत्या स्वतःशी बोलत नव्हत्या. समोर कुणीतरी होतं.

“मानते,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “आई, मी खरंच मानते हो!”

सासूबाईंनी जराही न चपापता थरथरत्या अक्षरात ते लिहिलं, अगदी सावकाश, एकेक अक्षर. मग पेनाचं टोपण लावलं.

“बरं. उद्यापासून खिडकीशी तुझीही खुर्ची ओढ,” त्या म्हणाल्या. “तू तुझं कर, मी माझं करीन. पण पंधरा मिनिटं बोलायचं नाही हं.”