गिअरजवळ नसलेलं अक्षर

सिस्टर जन्माला आली तीच संशय घ्यायला, असं तिचा नवरा कौतुकाने म्हणायचा. तिची उभी हयात इस्पितळात नर्स म्हणून गेली होती. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या खोक्यातून दुप्पट जोराची गोळी निघालेली तिने पाहिली होती. नवऱ्याचं अगदी उलट. समोरचा हसून बोलला की हा विरघळलाच.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं तिला जमेना. म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्यायचं ठरलं. शोरूममधल्या सेल्समनने दोघांना एक फेरी मारून आणली. गाडी अलगद चालली.

"मधलं मॉडेल घ्या, मॅडम," तो म्हणाला. "वरच्यात नुसता थाटमाट जास्त. ऑटोमॅटिक दोन्ही."

बोलता बोलता त्याने नवऱ्याच्या हातात सहीसाठी पेनही दिलं. सिस्टर मात्र तिथे मांडलेल्या मधल्या मॉडेलमध्ये जाऊन बसली. गिअरच्या दांड्याशेजारी आर, एन, डी होते. फेरीहून आल्यावर सेल्समनने दांडा पी वर, म्हणजे पार्किंगवर, नेलेला तिने पाहिला होता. इथे पी नव्हताच.

"यातला पी कुठे गेला?"

"त्याने काही फरक पडत नाही, मॅडम."

हे वाक्य ऐकलं की तिचे कान टवकारायचे. "मग आम्ही फिरून आलो ती कुठली?"

सेल्समन नवऱ्याकडे बघू लागला. "ती वरची होती."

"मला हीच चालवून बघायचीय."

"ही नुसती मांडायची, मॅडम. चालवून बघायची इथे नाही."

"मग आली की फोन करा."

बाहेर पडल्यावर नवरा कानकोंडा झाला. "किती खोदून विचारतेस. तो काय फसवायला बसलाय?"

"बसला नसेलही. पण अहो, पेन द्यायची एवढी घाई कशाला?"

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाखेतून गाडी आली. सिस्टर चालवायला बसली. वेग घेताना गाडीने अडखळल्यासारखा हिसका दिला. चढावर ब्रेक सोडताच ती जराशी मागे सरकली. मागे बसलेल्या नवऱ्याने दाराची मूठ घट्ट धरली.

"आता सांगा," ती शेजारी बसलेल्या सेल्समनला शांतपणे म्हणाली.

त्याने सांगितलं. यात गिअरबॉक्स साधाच, क्लचही आहे. फक्त तो आपल्या पायाऐवजी यंत्र दाबतं, म्हणून हिसका. वरच्या मॉडेलचा गिअरबॉक्सच वेगळ्या जातीचा. "मलाही हे कालच कळलं, मॅडम."

सिस्टरने आणखी एक फेरी मारली. गाडी गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल सोडला की हिसका कमी बसत होता. चढावर हँडब्रेक पुरत होता. डाव्या गुडघ्याला काहीच काम नव्हतं. वरचं मॉडेल त्यांना परवडणारं नव्हतं. तिने मधलंच घेतलं.

"मग एवढा कीस कशाला पाडलास?" नवऱ्याने विचारलं.

"हिसके मी सोसेन. पण आधी सांगायला हवं होतं."

गाडी बरी चालते. सेल्समनला ते खरंच आदल्या दिवशी कळलं होतं का, हा विचार सिग्नलला थांबल्यावर अजून तिच्या डोक्यात येतो. "कळलं असेल गं," नवरा म्हणतो. ती नुसतं हं करते.