पुसलेला अंगठा

अशोका गार्डन वस्तीत माझं छपाईचं दुकान आहे. पुढचं मी घरातसुद्धा कधी बोललो नाही.

आनंद नगरचे एक काका, कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी ड्यूटी सुटल्यावर ते शहरातल्या एका कलाकेंद्राच्या प्रदर्शनांची पोस्टर्स जाळीच्या स्क्रीनमधून रंग ओढून हातानं छापायचे. छापणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नव्हती, म्हणून शेवटचा रंग ओला असतानाच कोपऱ्यात अंगठा टेकवायचे. केंद्राकडे प्रती उरल्या नव्हत्या. काकांकडे अठरा होत्या. केंद्र आता जुन्या पोस्टर्सचं प्रदर्शन भरवणार होतं. तिथे आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा. केंद्राला द्यायच्या अर्जाला जोडायला त्यांनी पोस्टर्सचे स्कॅन माझ्याकडून करून घेतले.

"कोपरा कापू नकोस हं. तेवढीच माझी सही."

स्कॅन मी नीट दिले. फायली मात्र ठेवून घेतल्या आणि ती चित्रं छापून विकायला चहाचे मग, कापडी पिशव्या काढल्या. म्युझियमच्या दुकानातल्या वाटाव्यात म्हणून पांढरी चौकट, खाली बारीक अक्षरांत 'संग्रहातून'. कुणाच्या, ते लिहिलं नाही. त्यात तो अंगठा मळकट दिसत होता. पुसून टाकला. डाग समजून नव्हे, माहीत असून.

माल चालला. एक मग केंद्रातल्या साहेबांच्या टेबलावर पोचला. ते काकांना म्हणाले, यावर अंगठा नाही, तुमच्या प्रतींवर तो मागाहून उमटवला नसेल कशावरून?

काका तसाच एक मग घेऊन दुकानात आले.

"काय मियाँ, साबण कुठला वापरतोस? इतक्या वर्षांत निघाला नव्हता."

मी हसलो. हसायला नको होतं.

"दोन ओळी लिहून दे. अंगठा होता, तू काढलास. उद्या शेवटची तारीख आहे."

"सकाळी देतो, काका."

सकाळी शटर अर्धं ओढून मी आत बसलो. लिहून दिलं तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, माल जप्त होईल, ही भीती. त्यांची स्कूटर थांबली. माझ्या चपला पायरीवरच होत्या. त्यांनी हाक मारली नाही. थोड्या वेळानं स्कूटर गेली.

जप्ती वगैरे काही आली नाही. अर्ज फेटाळून केंद्रानं पोस्टर्स माझ्याकडूनच छापून मागवली, आणि मी ती त्याच अंगठा पुसलेल्या फायलींवरून दिली.

उद्घाटनाला काका आले होते. प्रत्येक चौकटीखाली 'छापणारा अज्ञात' अशी पट्टी. ते चष्मा लावून एकेक वाचत माझ्यापर्यंत आले.

"रंग छान उतरलेत तुमचे," म्हणाले, आणि पुढच्या चौकटीकडे वळले.