सवय होते

घरात नवं काही आलं की सूर्यकांत ते ओवाळल्याशिवाय आत घेत नसे. फ्रिज ओवाळून झाला होता, गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी शेजारचं कुटुंब दुबई सोडून कायमचं परत निघालं आणि आपली राखी पोपटांची जोडी यांच्याकडे ठेवून गेलं, तेव्हा त्याने बाळ्या आणि ठमीलासुद्धा उंबऱ्यावर थांबवून कुंकू दाखवलं होतं. मग साप आला म्हणून रीत कशी बदलणार?

साप होता नारिंगी, बिनविषारी, जेमतेम दोन हात लांब. शुभ्राच्या वर्गातल्या यम्नाच्या वडिलांची बदली झाली, तिला तो सोबत नेता येईना, आणि शुभ्राने आयुष्यात पहिल्यांदाच बापाकडे हट्टाने काही मागितलं. पंधरा वर्षांची ही मुलगी एरवी त्याच्याशी चार शब्द बोलायची आणि चारही इंग्रजीत. सूर्यकांत विरघळला. काचेची पेटी दारात ठेवली गेली. अनुपमाने ताट हातभर लांब धरून ओवाळलं.

"अहो, तिन्हीसांजेला त्याचं नाव घेऊ नका. लांबडं म्हणा."

"त्याचं नाव नूडल आहे, आई," शुभ्रा म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण सूर्यकांतला हौस भारी. त्याने पेटी उचलली आणि थेट पोपटांच्या पिंजऱ्यासमोर नेली. "बाळ्या, बघ कोण आलंय! घरातली ओळख नको का व्हायला?"

बाळ्याने एकदाच पाहिलं आणि असा किंचाळला की खालच्या मजल्यावरच्यांनी इंटरकॉम केला. ठमी दांडीवरून खाली पडली. बाळ्या गजांवर अंग आपटत राहिला, पिसं हॉलभर उडाली.

"बाबा, स्टॉप! ही इज स्केअर्ड!"

"होते सवय," सूर्यकांत म्हणाला.

हे त्याचं ब्रीदवाक्य होतं आणि ते त्याने फुकट मिळवलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी तो दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात कामाला लागला, तेव्हा एका खोलीत आठ जण राहायचे. पहिल्या आठवड्यात बादलीवरून मारामारी झाली होती, आणि दोन महिन्यांनी तेच आठ जण एका परातीत जेवत होते. उन्हाळ्याची सवय झाली, घरापासून लांब राहण्याची झाली. लग्न होऊन अनुपमा आली ती तीन महिने खिडकीशी बसून रडायची. मग रडायची थांबली. "झाली की नाही सवय?" असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. त्या वेळी अनुपमा हमखास काहीतरी आणायला आत जायची.

तिने सांगून पाहिलं. "पेटी शुभ्राच्या खोलीत ठेवा, दार लावून घेऊ." शुभ्राचंही तेच म्हणणं होतं. पण सूर्यकांतने ऐकलं नाही. लपवलं की भीती वाढते, रोज समोर दिसलं की मरते, हा त्याचा हिशेब. पेटी हॉलमध्येच राहिली, पिंजऱ्याच्या बरोबर समोर. नूडलचे उंदीर फ्रीजरमध्ये खोबऱ्याच्या डब्याशेजारी नांदू लागले, तेही अनुपमाने मुकाट्याने सोसलं. रोज संध्याकाळी ऑफिसमधून आला की सूर्यकांत पिंजऱ्याशी उभा राहून समजूत घालायचा, "सवय होते रे बाळ्या, सवय होते."

आठ दिवस आरडाओरडा झाला आणि नवव्या दिवशी बाळ्या गप्प झाला. हा पक्षी दारावरची बेल वाजवायचा, मायक्रोवेव्हसारखा टीटी करायचा, सूर्यकांतच्या फोनवरच्या आवाजात "यल्ला हबीबी, खलास!" म्हणून बोलणं संपवायचा. आता दांडीच्या टोकाला, छाती भिंतीकडे करून, अंग चोरून बसायचा.

"बघ, शांत झाला," सूर्यकांत अनुपमाला म्हणाला.

पुढचं मात्र तिला माहीत नव्हतं. सूर्यकांत घरात सगळ्यांच्या आधी उठायचा. पिंजऱ्याखाली रोज सकाळी राखी पिसं पडलेली दिसायची, आधी पाच-सात, मग मूठभर. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं, पिसं झडायचे दिवस असतील. दुसऱ्या दिवशी त्याने बाळ्याला स्वतःच्या चोचीने छातीचं पीस ओढताना पाहिलं. ते उपटून निघालं तेव्हा पक्षी दुखून शहारला आणि लगेच पुढचं ओढायला लागला. सूर्यकांतला कळलं. त्याच क्षणी पेटी उचलून आत न्यायला हवी होती, दहा पावलांचं काम होतं. पण मग आपण चुकलो हे मुलीसमोर आणि बायकोसमोर कबूल करावं लागलं असतं. त्याने पिसं गोळा केली, टिश्यूपेपरात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी सारली. असं त्याने बारा दिवस केलं. रोज हात धुताना त्याला स्वतःची लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी तो तेच करायचा.

तेराव्या दिवशी शुभ्राने कचऱ्याची पिशवी बांधायला घेतली, ती फाटली आणि टिश्यूतली पिसं तिच्या पायाशी पसरली.

बाळ्याची छाती तोवर सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडली होती, मध्ये रक्ताचे ठिपके. पक्ष्यांच्या डॉक्टर नबिलांनी त्याला टॉवेलमध्ये धरून तपासलं. सूर्यकांत घाईघाईने म्हणाला, "लेकिन डॉक्टर, अब तो शांत हो गया था। मुझे लगा आदत हो गयी।"

"आदत नहीं हुई, सूर्यकांतजी," त्या म्हणाल्या. "उसने हार मान ली है।"

गाडीत शुभ्रा पिंजरा मांडीवर घेऊन मागे बसली होती. तिने विचारलं, "यू न्यू ऑल अलाँग, बाबा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आरशात तिच्याकडे बघायचा धीर त्याला झाला नाही.

पेटी तिनेच आवरली. अबू धाबीकडच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारा सुजीत म्हणून एक ओळखीचा होता, त्याच्या घरी असे चार-पाच साप होते. तिथवर सूर्यकांतने गाडी चालवली. नूडल सुजीतच्या मनगटाभोवती गुंडाळला गेला आणि शुभ्राला रडू फुटलं. सूर्यकांतच्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. त्याने ते गिळले. त्या मुक्या जिवाचाही काही दोष नव्हता, मुलीचा तर नव्हताच.

महिना उलटला. ठमी सावरली. बाळ्याची छाती तशीच राहिली. काही पिसं आता कदाचित परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सूर्यकांत संध्याकाळी पिंजऱ्यापासून जरा अंतर ठेवून स्टुलावर बसायचा. एके दिवशी घरात नवरा-बायको दोघंच होती. अनुपमा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती.

"चुकलं रे माझं," तो हळूच म्हणाला. "बाळ्या, फार चुकलं."

बाळ्याने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस मुकी असलेली चोच उघडली आणि थेट सूर्यकांतच्या आवाजात, त्याच समजुतीच्या सुरात शब्द आले, "सवय होते रे, सवय होते."

तेवढ्यात आतून अनुपमाचा आवाज आला. तिला वाटलं, नवराच बोलला.

"नाही होत हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला अजून नाही झाली."

मी नाही, बाळ्या बोलला, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य कुणाचं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठला, स्टूल घेऊन स्वयंपाकघरात गेला, तिच्यासमोर बसून मेथीची एक काडी हातात घेतली आणि बावीस वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"कशाकशाची गं?"