मन्मथ शूटिंगवाल्याचं पहिलं दृश्य

उदगीर आणि आजूबाजूच्या खेड्यांत मन्मथ शूटिंगवाल्याला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, खांद्यावर कॅमेरा टाकून गडी हजर. पण कॅमेऱ्यापेक्षा त्याचा हातच जास्त चालायचा. ‘जरा सरका’ हे त्याचं पालुपद. मामा, जरा सरका. ती काळी पिशवी उचला, मधे येऊन राहिली. जरीची साडी नवरीच्या शेजारी, फिकं लुगडं मागच्या रांगेत. ऐन जवानीपासून हेच केल्यामुळं फळीवर भांडी मांडावीत तशी माणसं मांडायची त्याला सवय लागून गेली होती. आणि लोकही मुकाट्यानं सरकायचे, कारण कॅमेरावाल्याशी वाद घालून कुणाला आपलं डोकं कापून घ्यायचं होतं?

इतकं करून त्याचं काम कुणी बघत नसे, हे त्याचं खरं दुखणं. लग्नाच्या कॅसेटची सुरुवात तो जीव ओतून करायचा. आधी गणपती, मग पत्रिका, मग मांडवाची रोषणाई, मग गरगर फिरत येणारी नवरा-नवरीची नावं. आणि घरोघरी पहिलं वाक्य काय, तर ‘हे पळव रे पुढं’. जो तो आपला चेहरा येईपर्यंत पळवायचा, तो आला की थांबून हसायचा आणि पुन्हा पळवायचा. मन्मथनं हे लोकांच्या घरी बसून, त्यांचाच चहा पीत पाहिलं होतं. कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली, पळवणं काही गेलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्यानं मनाला लावून घ्यायचं सोडलं असं तो म्हणायचा. पण लावून घ्यायचाच.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लग्नं पुढं ढकलली गेली, झाली ती देवळात उरकली. पंगतीला पाणीच नाही तर शूटिंग कुणाला सुचतंय? कॅमेऱ्याला काम होतं ते फक्त मोर्च्यांचं. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, असे फलक चौकाचौकात लागले होते. जिल्हा झाला की दारात नळ येईल आणि कलेक्टर स्वतः घागरी भरून देईल, अशी बायकांची थट्टा चालायची. मन्मथ मोर्चे टिपून घरी यायचा आणि शर्टसुद्धा न काढता बाजेवर पडून राहायचा. वय, ऊन आणि रिकामपण, तिन्ही मिळून त्याला थकवून गेले होते.

त्याची लेक शिवलीला लातूरला कॉलेजात फिल्म बनवायचं शिकत होती. परीक्षेसाठी तिनं नव्या जिल्ह्यावर आणि पाण्यावर छोटी फिल्म घेतली होती. सुरुवातीला किल्ला, मग मोर्चा, मग घोषणा आणि वरून तिचाच आवाज. सरांनी ती परत केली. ही नुसती माहिती झाली, म्हणाले. पहिल्या दृश्यात काहीतरी खटकलं पाहिजे, पुढं काय झालं ते कळल्याशिवाय बघणाऱ्याला उठता येऊ नये. लेकीनं रडवेल्या आवाजात हे फोनवर सांगितलं आणि ते बापाच्याच डोक्यात रुतून बसलं. उठता येऊ नये! जन्मभर त्याला दुसरं काय हवं होतं? हिचं पहिलं दृश्य आपणच काढायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

जागा दारातच होती. गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून बायका सकाळीच आपापलं भांडं रांगेत ठेवून कामाला जात. भांडं उभं असलं की बाईनं उभं राहायची गरज नाही. त्या रांगेला कुणी हात लावत नसे. जावाजावांचं बोलणं बंद असलं तरी एकमेकींच्या घागरीला वळसा घालून जायचं, हा गल्लीचा कायदा होता.

दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मन्मथनं स्टँड लावला, कॅमेरा चालू केला आणि डोळा लावला. घागरी, कळश्या, प्लॅस्टिकची रंगीत भांडी, सगळ्यांची एक लांब रांग. झकास. पण पुढच्या टोकाजवळ पारूअक्काचा डबा होता. तेलाचा, वरून कापलेला, तारेची कडी बसवलेला, अर्धा कागद अजून चिकटलेला. पारूअक्का शेजारचीच, एकटी म्हातारी, मोंढ्यात धान्य निवडून पोट भरणारी. डबा डोळ्यांत खुपत होता. मन्मथ पुढं गेला, डबा उचलून शेवटाला नेऊन ठेवला आणि मागची एक चकचकीत पितळी घागर त्या जागी आणली. ती त्याच्याच घरची होती. पण त्याला घागर दिसलीच नव्हती, चकाकी दिसली होती. चित्र झालं की सगळं जागच्या जागी ठेवायचं, हेही त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बायका चहूकडून धावल्या आणि ठेवायचं राहून गेलं.

पारूअक्काच्या डब्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. ती म्हणाली, माझा डबा म्होरं होता. बायकांनी सांगितलं, अक्का, डबा ठेवला तिथंच आहे, रांगेला हात कोण लावतंय, तुम्हीच विसरला असाल. ती डब्याकडं बघत म्हणाली, “असंल बाई. इसरले असंन.” कुणीतरी तिला तांब्याभर पाणी दिलं. मन्मथ स्टँडच्या पायांची घडी करत होता. तोंड उघडायची वेळ हीच होती, हे त्याला कळत होतं. पण घरचीच घागर पुढं गेली होती, लोक काय समजतील ते उघड होतं. त्यानं घडी फारच सावकाश केली आणि घरात गेला. आज आपला नंबर कसा काय लवकर लागला, असं बायको मल्लम्मा दोनदा म्हणाली, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

शनिवारी शिवलीला आली. बापानं तिला रांगेचं सुंदर चित्र दाखवायला घेतलं, पण पोरगी शिकलेली, तिनं पहिल्यापासून लावलं. कॅमेरा तर आधीपासूनच चालू होता. रिकामी गल्ली, भांड्यांची रांग, बराच वेळ काहीच नाही. मग कडेनं एक हात आत येतो, बोटात पोवळ्याची अंगठी, आणि पुढचा डबा उचलून नेतो.

शिवलीला खुर्चीत सावरून बसली. “अप्पा, हेच पहिलं दृश्य.”

मन्मथ म्हणाला, पुसून टाक. ती ऐकेना. यात काहीतरी खटकतं, सर हेच म्हणत होते, असं ती समजावू लागली. तो चिडला. अंगठी गावाला माहीत होती. बायकोच्या घागरीसाठी कॅमेऱ्याचं सोंग केलं म्हणतील, पुन्हा कोण लग्नाला बोलावणार? शेवटी तिनं लॅपटॉप मिटला. “नाही घेत मी. पण पारूआज्जीला कोण सांगणार?” अख्खा रविवार बाप-लेकीनं एकमेकांकडं पाहिलं नाही.

सोमवारी दुपारी तो बाहेर आला तर रांगेत भांडी नेहमीसारखी एकटी उभी होती आणि त्यात पारूअक्का तेवढी जिवंत. भर उन्हात, डब्यावर हात ठेवून. मोंढ्यात गेली नव्हती. मन्मथनं विचारलं, सावलीत का बसत नाही?

“डोक्याचा भरवसा न्हाई राह्यला, मन्मथा. माझी माय बी असीच इसराय लागली व्हती. आधी भांडी इसरली, मग आमाला.”

आपण लोकांना सरकवत आलो, आज या बाईला तिच्याच डोक्यातून सरकवलं, हे मन्मथला सहन होईना. तो घरात गेला, आणि लेकीला म्हणाला, चल, लॅपटॉप घे.

टँकर येऊन गेल्यावर त्यानं बायकांना लिंबाखाली थांबवलं. ओट्यावर लॅपटॉप ठेवला. कुणाला सरका म्हणाला नाही. ज्या जिथं होत्या तिथून बघू लागल्या. रिकामी गल्ली, भांड्यांची रांग, काहीच होत नव्हतं. तरी पुढं पळव असं कुणी म्हटलं नाही, कारण जी ती आपलं भांडं शोधत होती. मग तो हात आत आला. मल्लम्मानं अंगठी ओळखली आणि पदर तोंडाला लावला.

“माझाच हात हाय, अक्का,” मन्मथ म्हणाला. “डबा मीच उचलला. चित्रात चांगला दिसंना म्हणून.”

बायका खवळल्या. त्याच्या कॅमेऱ्याचा उद्धार झाला, आता मल्लम्माची घागर पाऊस पडेपर्यंत शेवटाला, असंही कुणीतरी ठरवून टाकलं. मल्लम्मानं मान हलवली. मन्मथ खाली बघत होता. पारूअक्का मात्र गुडघ्यावर हात टेकत पुढं आली आणि पडद्याच्या अगदी जवळ बसली.

“म्हंजी मी इसरले न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई, अक्का.”

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहरा मोकळा झाला होता. शिवी नाही, शाप नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, नीट मांडी घातली आणि पडद्यावरच्या आपल्या डब्यावर बोट ठेवलं.

“परत लाव रं,” ती म्हणाली. “पयल्यापासून.”