टेपचे दोन वेढे

मी तापट माणूस. लेथवर पंचवीस वर्षं काढली, स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि तिथं माझा आवाज मशीनच्या वर चढतो. सैल बसणारा जॉब दिसला की माझं डोकंच फिरतं. आसावर बसवलेला बुश खडखडला म्हणून मी तयार माल भंगारात फेकलेला आहे. मला लेथ शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "असा बसला पायजे, की हवा बी आत शिरू न्हाई." तेच अंगात मुरलंय.

माझी लेक इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती तिला पाहिजे होती. अट अशी, की रॉकेटचं किट स्वतः जोडायचं, सरांसमोर उडवायचं आणि पॅराशूटनं धड खाली आणून दाखवायचं. संधी एकदाच. दोन महिने पोरीनं दुसरं काही बघितलं नाही. जाड पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे तीन पंख, वर प्लास्टिकचं टोक. उभं केलं तर तिच्या कमरेला लागायचं. पंख चिकटवताना माझा गुण्या लावून काटकोन बघत बसायची. मी जवळ गेलो की म्हणायची, "पप्पा, हात लावायचा न्हाई. मी करतो." आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच, पोरांसारखं 'करतो, जातो' म्हणणाऱ्या.

उडवायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती मैत्रिणीकडं गेली होती. रॉकेट टेबलावर. मी सहज उचललं तर टोक खडखड वाजलं. उपडं करून जरा हलवलं, तर टोक सुटून हातात! आतली पॅराशूटची घडी दिसायला लागली. म्हटलं, आयला, एवढी हुशार पोरगी आणि हा खुळखुळा? वर जाता जाता टोक पडलं तर चार लोकांत इज्जतीचा पार इस्कोट. खाली वर्कशॉपमध्ये जाऊन पिवळी टेप आणली, टोकाचा जो भाग नळीत शिरतो त्याला दोन वेढे दिले आणि दाबून बसवलं. काय बसलं म्हणता! तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मनात होतं, उद्या टीममध्ये घेतलं की मग सांगू, बापानं काय केलंय ते.

सकाळी पेठ वडगावच्या पुढं माळावर पोचलो. गाडीवर माझ्यामागं बसून तिनं रॉकेट तान्ह्या लेकरागत कवटाळलं होतं. तिथं सर होते, टीममधली चार पोरं होती, गावचे पोलीस पाटील होते, आणि उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात थांबवून बघायला आलेले दोघं. घरातनं बायकोनं नारळ दिला होता, तो मी फोडला. सर हसले, पण खोबरं खाल्लं.

रॉकेट लोखंडी सळईवर उभं राहिलं. वायर जोडल्या, सगळे लांब मागं सरलो. सर वहीत बघून एकेक प्रश्न मोठ्यानं विचारायला लागले.

"पॅराशूट?"

"घडी घातली, सर."

"टोक?"

"सैल आहे, सर. काल दुपारी तपासलं. हलवलं की सुटतंय."

मी शेजारच्या पोराला हळूच विचारलं, "सैल? ते कशाला?"

"काका, वर गेल्यावर आत बारूद फुटती. त्या धक्क्यानं टोक निघालं तरच पॅराशूट बाहेर. घट्ट बसलं तर मग रॉकेट सरळ खाली येतंय की, डोक्यावर."

'थांबा' म्हणायचं होतं. एक शब्द. तोंड उघडलं सुद्धा. पण दहा माणसांत मी म्हणणार, की मला कळत नव्हतं आणि मी हात लावला? उस्तादांच्या हाताखाली शिकलेला मी? वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला की मी कधी मशीनला शिव्या घातल्या, कधी मालाला, कधी कामाच्या पोरांना. 'माझं चुकलं' हे वाक्य या तोंडातनं कधी निघालंच नव्हतं. मग मनाला समजावलं, बारुदीपुढं दोन वेढे टेपचं काय चालतंय? निघेल. निघेल की!

"पाच... चार..." लेक मोजायला लागली. "तीन... दोन..." अजून वेळ आहे, बोल लेका, बोल. "एक!"

धुराचा लोट उठला आणि रॉकेट सूं करून गेलं. "नाद खुळा!" ट्रॅक्टरवाला ओरडला. लेकीनं माझा दंड घट्ट धरला. रॉकेट बारीक बारीक होत गेलं, वर थांबल्यासारखं झालं आणि पांढऱ्या धुराची एक फुंकर दिसली. बारूद फुटली होती.

निघ की रे, निघ!

टोक निघालं नाही. रॉकेटनं मान टाकली आणि ते सरळ खाली यायला लागलं. शिट्टीसारखा आवाज नुसता वाढत गेला. उसाच्या फडाच्या कडेला ते आदळलं. तिकडं माणूसकाणूस नव्हतं, एवढं नशीब.

ती आधी पळाली, मी मागनं. पोचलो तेव्हा ती गुडघ्यावर बसली होती. नळी चुरगळली होती, एक पंख लांब पडला होता. मातीत रुतलेलं टोक तिनं उपसून काढलं आणि पिवळी टेप दिसली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग नखानं टेप सोडवली, तिची गोळी केली आणि खिशात घातली. तेवढ्यात सर धापा टाकत आले.

"काय झालं गं?"

"टोक घट्ट बसलं होतं, सर. माझं चुकलं."

"तपासलं म्हणालीस ना?"

"नीट तपासलं नसणार, सर."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि सामान गोळा करायला मागं फिरले. मी हातात तुटका पंख घेऊन उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही बोललो.

परत निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी थांबली. मागं न बघताच मी म्हणालो, "टेप मी लावलीती."

"म्हाईत हाय. ती टेप आपल्या वर्कशॉपमधलीच."

"मग सरांना का न्हाई सांगितलंस?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "तुम्ही सांगताय का बघत होतो."

ट्रॉल्या हलल्या. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी गाडी वळवली. सर अजून माळावर वायर गुंडाळत असणार.

"पप्पा, कुठं चाललाय?"

"गप बस!" मी खेकसलो. आणि वाटभर 'सर, माझं चुकलं, सर, माझं चुकलं' असं तोंडातल्या तोंडात म्हणत राहिलो. सवय नव्हती.