मंद झालेली हेडलाइट

चिंचोटीला हायवेच्या कडेला ट्रकचं वायरिंग बघणारा एक वायरमन आहे. माणूस अबोल. बिघाड कसलाही असो, ड्रायव्हरला दोष देत नाही. “वायर जुनी झाली,” एवढंच म्हणतो.

हेडलाइट मंद झाली म्हणून परवा संध्याकाळी मी ट्रक नेला. त्याने बॅटरी तपासली, अर्थिंग घासलं, बल्बही बदलले.

“अजून मंदच आहे. नीट बघ!” मी ओरडलो.

समोरच्या भिंतीवर पडलेला लख्ख उजेड त्याने पाहिला आणि चावी काढून खिशात टाकली.

“काका, आधी डॉक्टरला डोळे दाखवा, मग चावी न्या. आज निर्मळला घरी मी सोडतो तुम्हाला.”

“तू जन्मला नव्हतास तेव्हापासून गाडी हाणतोय मी!”

“म्हणूनच सांगतोय.”

मी शिव्या घातल्या. तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. शेवटी माझ्याच ट्रकात मी क्लिनरच्या बाजूने चढलो.