सरबतातलं तिरफळ

सर्वण गावच्या कमलाक्षीकडे उन्हाळ्यात गेलात आणि हातात काय पडलं, त्यावरून तुमची पायरी समजावी. वीजखात्याचा माणूस, रस्ता चुकलेला, मतं मागायला आलेला, या सगळ्यांना गूळ-पाणी. कोकमाचं सरबत फक्त आपल्या माणसाला. एकदा निवडणुकीच्या एका उमेदवाराने लाजत लाजत सरबताचं नाव काढलं, तर बाईने त्याला गुळाचा खडा थोडा मोठा दिला, इतकंच.

सरबतही तसंच होतं म्हणा. रातांबे फोडून बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरायची, बरणीत थरावर थर रचायचे आणि तोंडाला फडकं बांधून सात दिवस गच्चीवर ऊन द्यायचं. एवढं ती कुणालाही सांगे. मात्र सहाव्या दिवशी, घर जेवून आडवं झालं की ती एकटी वर जायची आणि बी काढलेली दोन सुकी तिरफळं चिंधीत बांधून बरणीत सोडायची. सातव्या दिवशी ऊन कलायच्या आत काढून घ्यायची. तिरफळ माशांच्या आमटीत घालतात. सरबतात घालील असा वेडा कोण? त्यामुळे कुणाला ओळखूच यायचं नाही. घोट उतरला की जिभेच्या टोकाला बारीक झिणझिण राहायची, आणि माणूस दुसरा कोप, म्हणजे पेला, भरून मागायचा.

हे पेडण्याच्या तिच्या आईचं. लग्नात सोनं बेताचंच घातलेलं. आई म्हणाली होती, हे घेऊन जा आणि तुझ्या लेकीला दे. लेक झाली नाही. दोन मुलगे, त्यांना सरबत पिण्यापुरतं कळे. तिने सांगितलं ते एकालाच, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, नवऱ्याला. कुणाला सांगणार नाही, अशी गुरुदासने सातेरीदेवीची आण घेतली होती. नवऱ्यापासून काय लपवायचं, असं वाटायचं ते वय.

यंदा गुरुदासच्या भावाच्या लेकीने, ऋतिकाने, मयेच्या तळ्याकाठी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. पोर लाघवी. काकी, मला शिकव, म्हणत आठ दिवस सर्वणला राहिली. कमलाक्षीने हात आखडला नाही. कैरीचं पन्हं शिकवलं, आंबटढाण बिमलांचं सरबत शिकवलं, कोकमही शिकवलं. सहाव्या दिवसाचं तेवढं सांगितलं नाही, आणि तिला स्वतःलाच चुटपुट लागली. पोरीत लेक दिसायला लागली होती ना! पुढल्या उन्हाळ्यात आपल्या हाताने हिला ते द्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

खोल्यांच्या उद्घाटनाला सगळे मयेला गेले. मेजावर कोकमाच्या बाटल्यांची रांग. कुणी सोड्यात मिसळून पीत होतं, कुणी जीनमध्ये. प्यावं बापड्यांनी, तिची काही हरकत नव्हती. तिने साध्या पाण्यातलं कोकम घेतलं. एक घोट घेतला आणि कोप तसाच हातात राहिला. जिभेच्या टोकाला झिणझिण होती.

तिने ऋतिकाला बाजूला घेऊन विचारलं. पोर बिचकली नाही, उलट गळ्यात पडली.

"काकांनी सांगितलं ना. म्हणाले, तुझ्या काकीनेच सांगायला सांगितलंय."

पोरीचा काय दोष? कमलाक्षीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरच्या दारात आल्यावर तिने गुरुदासला विचारलं. गुरुदासने चपला काढता काढता सांगून टाकलं, की पोरीला चव जमेना, पाहुणे तोंडावर आलेले, म्हणून सांगितलं.

"आपल्या घराण्यातलं आपल्याच घराण्यात राहिलं. बिघडलं कुठे?"

आपलं घराणं! या घरातलं भांडं न् भांडं त्यांचं, शेत त्यांचं, मुलांची नावंसुद्धा त्यांच्या वाडवडिलांची. एवढी एकच गोष्ट तिची होती, आईने दिलेली. केसाने गळा कापला तो घरच्याच माणसाने, आणि वर देण्याचं सुखही तिच्या नावाने परस्पर घेऊन टाकलं. त्या रागात ती रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुरुदास डिचोलीच्या बाजारातून घामाघूम होऊन आला, सोप्यावर टेकला आणि नेहमीप्रमाणे आत हाक मारून सरबत मागितलं. कमलाक्षी बाहेर आली. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बशीत गूळ.

त्याने बशीकडे बघत विचारलं, हे काय.

"उन्हातून आलात," ती म्हणाली, "म्हणून खडा थोडा मोठा दिलाय."